विश्लेषण : यवतमाळच्या काचेसारख्या पाण्यातला फ्लोराइड घरच्या घरी काढता येतो का?

पांढरकवडा, झरी जामणी, वणी या पट्ट्यातल्या अनेक गावांत हातपंपाचं पाणी बघितलं तर नाव ठेवायला जागा नसते. काचेसारखं स्वच्छ, थंड, वासाला काही नाही. पण याच पाण्यावर वाढलेल्या मुलांचे दात पाहिले की वेगळीच गोष्ट समोर येते. पुढच्या दातांवर आधी खडूसारखे पांढरे पट्टे दिसतात, मग पिवळे आणि पुढे तपकिरी डाग पडतात. ‘ब्रश करत नाही’ किंवा ‘लहानपणीच खर्रा खायला लागला’ असं म्हणून विषय संपवला जातो. पण ब्रश करून हे डाग जात नाहीत, कारण ते दातावर बसलेले नसतात. दात तयार होत असतानाच ते आत उमटलेले असतात.

कारण आहे पाण्यातला फ्लोराइड. तो दिसत नाही, त्याला चव नाही, वास नाही. घरात हे पाणी वापरण्यालायक करायचं असेल तर काय चालतं, काय अजिबात चालत नाही आणि कोणत्या गोष्टीवर पैसे फुकट जातात, ते समजून घेऊया.

हा फ्लोराइड येतो कुठून?

कारखान्यातून नाही, खडकातून. यवतमाळ जिल्ह्याचा मोठा भाग दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकावर आहे. पण आग्नेयेला केळापूर, झरी, मारेगाव, वणीकडे गेलं की चित्र बदलतं. तिथे बेसाल्टच्या खालचे, त्याहून कितीतरी जुने खडक वर येतात. वणीचा कोळसा आणि मुकुटबनकडचा चुनखडक आपल्याला माहीत असतो. त्यांच्या सोबतीला ग्रॅनाइट आणि नाइससारखे खडकही आहेत. अशा खडकांत फ्लोराइट, अ‍ॅपेटाइट, काळा अभ्रक ही फ्लोराइड धरून ठेवणारी खनिजं असतात. पाणी त्यांच्या भेगांमध्ये वर्षानुवर्षं मुरत राहिलं की फ्लोराइड हळूहळू पाण्यात उतरतो. पांढरकवडा परिसरातल्या भूजलातील फ्लोराइडवर २००७ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात स्वतंत्र शोधनिबंधच प्रसिद्ध झाला होता. म्हणजे विषय नवा नाही.

पाणी जितकं खोल आणि जितका काळ खडकात अडकलेलं, तितका फ्लोराइड वाढण्याची शक्यता जास्त. म्हणून बऱ्याच ठिकाणी उथळ विहिरीचं पाणी ठीक असतं आणि शेजारच्याच खोल बोअरचं पाणी मर्यादेबाहेर जातं. दुष्काळात विहीर आटली म्हणून बोअर मारायचा, बोअर आटला म्हणून आणखी खोल जायचं, असं आपण गेली कित्येक वर्षं करत आलो. पाणी मिळालं, पण कोणत्या खडकातलं मिळालं हे कुणी विचारलं नाही.

यात आणखी एक गंमत आहे, खरं तर गंमत म्हणवत नाही. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइड त्याच्याशी जोडी जमवून खाली बसतो, पाण्यात फार वाढू शकत नाही. पण कॅल्शियम कमी आणि सोडिअम बायकार्बोनेट जास्त असेल तर त्याला मोकळं रान मिळतं. सोडिअम बायकार्बोनेट म्हणजे आपला खायचा सोडा. अशा पाण्यात डाळ लवकर शिजते, भांड्याला पांढरी खपली धरत नाही, साबणाला फेस येतो. साहजिकच घरातल्या बाया म्हणतात, ‘त्या विहिरीचं पाणी जड आहे, या बोअरचं गोड आहे.’ जे पाणी स्वयंपाकाला सगळ्यात चांगलं वाटतं, तेच बऱ्याचदा फ्लोराइडचं निघतं.

किती म्हणजे जास्त?

भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार (आयएस १०५००, २०१२) लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड योग्य. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही १.५ च आहे.

त्याच्या वर गेलं की आधी दात दिसायला लागतात. साधारण आठ वर्षांपर्यंत कायमचे दात हिरडीच्या आत घडत असतात, तेव्हा शरीरात गेलेला जास्तीचा फ्लोराइड दाताचं आवरण बिघडवतो. एकदा दात बाहेर आला की ते दुरुस्त होत नाही. दंतवैद्य वरून पॉलिश करू शकतो, लेप लावू शकतो, इतकंच. पाण्यात ३ ते ६ मिलिग्रॅम फ्लोराइड असेल आणि ते वर्षानुवर्षं पोटात गेलं तर हाडांवर परिणाम होऊ लागतो. कंबर, मान, गुडघे आखडतात. १० मिलिग्रॅमच्या पुढे तर माणूस कायमचा वाकू शकतो, चालणं बंद होऊ शकतं. भारतात हा आजार पहिल्यांदा नोंदवला गेला तो १९३७ साली, तेव्हाच्या मद्रास इलाख्यात. म्हणजे आपल्याला हे माहीत होऊन नव्वदीकडे झुकणारी वर्षं झाली.

एक हिशेब करून बघा. बोअरच्या पाण्यात ३ मिलिग्रॅम फ्लोराइड आहे. उन्हाळ्यात शेतात राबणारा माणूस दिवसाला सहज चार लिटर पाणी पितो. म्हणजे १२ मिलिग्रॅम फक्त पिण्यातून गेले. वरून भात, डाळ, चहा याच पाण्याचे, आणि चहापत्तीत स्वतःचा फ्लोराइड असतो तो वेगळा. मे महिन्यात ४५ अंशांवर जाणाऱ्या विदर्भात माणूस थंड देशातल्या माणसापेक्षा जास्त पाणी पितो. कागदावर तोच आकडा असला तरी आपल्याकडे तो जास्त महागात पडतो.

वाईट पाणी दिसलं असतं तर?

इंडोनेशियातल्या कालिमंतान आणि सुमात्रामध्ये लाखो लोक पीटच्या दलदलीजवळ राहतात. पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्याखाली अर्धवट कुजत पडलेल्या झाडापाल्याचे थर. त्यातून येणारं पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं, आंबट असतं आणि कपडे धुतले तर डाग पडतात. त्याचा पीएच ३ ते ५ च्या आसपास असतो. तिथल्या घरात ते कसं साफ करतात? चुना घालून आम्लता मारायची, तुरटी घालून रंग खाली बसवायचा, मग वाळू आणि कोळशातून गाळायचं. क्लोरीन शेवटी घालायचं, कारण रंग आहे तोवर क्लोरीन घातलं तर कुजलेल्या पदार्थांशी त्याचा संयोग होऊन घातक रसायनं तयार होतात.

यवतमाळमध्ये पीट नाही. पण औषध बघा, तुरटी आणि चुना. नेमक्या याच दोन गोष्टी आपल्या फ्लोराइडवरही चालतात. फरक इतकाच की तिथल्या बाईला बादली साफ झाली की नाही हे डोळ्यांनी कळतं. आपल्याकडे साफ करण्याआधीचं आणि नंतरचं पाणी सारखंच दिसतं. आपल्याकडची बरीचशी फसवणूक आणि बराचसा आळस इथूनच सुरू होतो.

काय अजिबात चालत नाही?

पाणी उकळणं. जंतूंसाठी उत्तम, पण फ्लोराइडसाठी उलटं. वाफ होऊन पाणी कमी होतं, फ्लोराइड तिथेच राहतो. म्हणजे लिटरमागचं प्रमाण थोडं वाढतंच.

कँडलचा फिल्टर, कपड्याने गाळणं, यूव्हीचा दिवा, टीसीएल पावडर, क्लोरीनचे थेंब यातलं काहीही फ्लोराइड काढत नाही. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटीचा खडा दोनदा फिरवतो तसा फिरवूनही उपयोग नाही. गाळ बसवायला तुरटी किंचित लागते, फ्लोराइडला त्याच्या कित्येक पट.

आणि टीडीएस मीटर. हा माझा आवडता राग आहे.

२०१८च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहरात पाण्याची काय अवस्था होती ते शहरात कुणालाही विचारा. टँकर आला की सगळी गल्ली बाहेर. मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो, सुट्टीत घरी आलेलो. एक विक्रेता दारात आला. एका ग्लासात टँकरचं पाणी, दुसऱ्यात त्याने आणलेलं आरओचं. दोन्हीत लोखंडी कांड्या असलेलं एक यंत्र बुडवलं आणि बटण दाबलं. मिनिटभरात टँकरचं पाणी तपकिरी-हिरवं झालं, वर फेस आला. दुसरा ग्लास जवळपास तसाच. ‘काकू, हे तुम्ही रोज पिता,’ तो आईला म्हणाला. आई घाबरली. बाबांनी हप्त्यावर मशीन घेतलं. मी चार वर्षं शिकलेला, बाजूला उभा राहून बघत होतो.

त्या ग्लासात जे तपकिरी दिसलं तो पाण्यातला मळ नव्हता, कांडीचं लोखंड होतं. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड विरघळतं आणि गंज तयार होतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहतं. त्याच ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं असतं तर तोही तपकिरी झाला असता. हे मला दोन दिवसांनी आठवलं, तोवर पहिला हप्ता गेला होता.

टीडीएस मीटरचंही तेच. ते पाण्यातले एकूण विरघळलेले क्षार मोजतं. ६०० टीडीएसच्या पाण्यात फ्लोराइड ०.५ आहे की ४ आहे, हे त्या आकड्यावरून कळूच शकत नाही. २५० टीडीएसचं ‘गोड’ पाणी फ्लोराइडने भरलेलं असू शकतं आणि ९०० टीडीएसचं जड पाणी त्या बाबतीत निर्दोष असू शकतं.

मग घरी काय करता येतं? नालगोंडा पद्धत

नागपूरहून हैदराबादला निघालं की वाटेत पांढरकवडा लागतं. त्याच रस्त्याने हैदराबाद गाठून पुढे गेलं की तेलंगणातला नालगोंडा जिल्हा, देशातला फ्लोराइडसाठी सगळ्यात कुप्रसिद्ध. त्याच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत मात्र नागपुरात तयार झाली आहे. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नीरी. १९५८ साली वेगळ्या नावाने सुरू झालेल्या या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात ही पद्धत मांडली.

तत्त्व सोपं आहे. तुरटी पाण्यात विरघळली की अ‍ॅल्युमिनिअम हायड्रॉक्साइडचे कापसासारखे पुंजके तयार होतात. फ्लोराइड त्या पुंजक्यांना चिकटतो आणि त्यांच्यासोबत खाली बसतो. तुरटीमुळे पाणी आम्लाकडे झुकतं, म्हणून सोबत चुना घालतात, साधारण तुरटीच्या विसाव्या भागाइतका. जंतूंसाठी किंचित ब्लीचिंग पावडर.

घरगुती वापरासाठी वीस ते चाळीस लिटरची प्लास्टिकची बादली लागते, नळ तळापासून तीन-चार बोटं वर बसवलेला. नळ अगदी तळाला असला तर गाळच बाहेर येईल. आधी चुन्याचं आणि ब्लीचिंगचं पाणी घालून ढवळायचं, मग तुरटीचं द्रावण टाकून मिनिटभर जोरात आणि त्यानंतर दहाएक मिनिटं अगदी सावकाश ढवळायचं. घाई केली तर पुंजके फुटतात. मग तासभर किंवा जास्त वेळ हात न लावता ठेवायचं. रात्री करून ठेवलं तर सकाळी वरचं पाणी तयार.

अडतं ते प्रमाणावर. तुरटी किती घालायची हे दोन गोष्टींवर ठरतं, फ्लोराइड किती आहे आणि पाण्याची क्षारता (अल्कलिनिटी) किती आहे. नीरीने त्यासाठी तक्ता दिलेला आहे. लिटरमागे तुरटी दोन-चारशे मिलिग्रॅमपासून ग्रॅमभरापर्यंत लागू शकते. वीस लिटरच्या बादलीत लिटरमागे ४०० मिलिग्रॅम म्हणजे ८ ग्रॅम. एका गावाचं प्रमाण दुसऱ्या गावाला चालत नाही, कधी कधी एका हातपंपाचं दुसऱ्यालाही नाही. अंदाजाने कमी घातली तर फ्लोराइड राहतो. जास्त घातली तर पाणी तुरट लागतं आणि त्यात अ‍ॅल्युमिनिअम राहतं, ज्याची मानकातली कमाल मर्यादा फक्त ०.२ मिलिग्रॅम आहे. म्हणून हा लेख वाचून आज संध्याकाळी बादलीत तुरटी टाकू नका. आधी पाण्याचा अहवाल आणि त्यावरून जाणकाराने काढून दिलेलं प्रमाण हवं.

क्षार फारच जास्त असलेल्या, १५०० टीडीएसच्या वरच्या पाण्याला ही पद्धत योग्य मानली जात नाही. आणि तळाशी उरलेल्या गाळात पाण्यातला सगळा फ्लोराइड गोळा झालेला असतो. तो गोठ्यात किंवा विहिरीजवळ ओतायचा नाही. गावातल्या बहुतेक माहितीपत्रकांत हीच ओळ सुटलेली असते.

बाकीचे पर्याय

दुसरा मार्ग अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिनाचा. बारीक पांढरे दाणे असतात, पाणी त्यातून गेलं की फ्लोराइड दाण्यांना चिकटतो. आयआयटी कानपूर आणि युनिसेफने घरगुती फिल्टरसाठी यावर १९९०च्या दशकात काम केलं. ढवळणं नाही, थांबणं नाही, दिसायला साध्या फिल्टरसारखं. अडचण अशी की दाणे भरले की ते काम थांबवतात आणि थांबल्याचं कळत नाही. हिशेबासाठी धरा, एक किलो दाणे २ ग्रॅम फ्लोराइड धरतात आणि फिल्टरमध्ये तीन किलो आहेत. एकूण ६ ग्रॅम. लिटरमागे २ मिलिग्रॅम काढायचे आणि रोज ४० लिटर पाणी गाळायचं, तर ७५ दिवसांत फिल्टर संपला. त्यानंतर दाणे कॉस्टिक सोडा आणि आम्लाने धुऊन पुन्हा तयार करावे लागतात. हे स्वयंपाकघरात करायचं काम नाही, त्यासाठी गावात किंवा तालुक्याला कुणीतरी लागतो. तो कुणीतरी असेल तर ही पद्धत छान चालते. नसेल तर तिसऱ्या महिन्यापासून घरातले लोक फिल्टरमधून जसंच्या तसं बोअरचं पाणी पीत राहतात, तेही निर्धास्तपणे.

तिसरी पद्धत विजेची. अ‍ॅल्युमिनिअमच्या पट्ट्यांतून वीज सोडायची, पट्टीतलं अ‍ॅल्युमिनिअम पाण्यात उतरून तेच पुंजके तयार करतं. आमच्या दारातल्या त्या विक्रेत्याच्या यंत्राचाच हा प्रामाणिक भाऊ. नीरीने शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगाव इथे सौरऊर्जेवर चालणारं असं संयंत्र उभं करून दाखवलं होतं. हे घरापेक्षा वस्तीसाठी योग्य.

आणि आरओ. फ्लोराइड काढण्याच्या बाबतीत आरओ खरोखर काम करतं, साधारण नव्वद टक्क्यांच्या आसपास, पडदा चांगला असेल तोवर. त्यामुळे ‘आरओ म्हणजे फसवणूक’ असं सरसकट म्हणणं या पट्ट्यात चूक ठरेल. पण ते पाणी वाया घालवतं. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन लिटर बाहेर गेलं असं धरू. मूळ पाण्यात ३ मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर बाहेर जाणाऱ्या पाण्यात तो ४.३ च्या पुढे जातो. ते पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरा. बैलांना, शेळ्यांना पाजू नका, फ्लोराइडने जनावरांचेही दात आणि हाडं बिघडतात.

गावात वीस लिटरचा थंड जार येतो, तो आरओचा आहे असं सांगितलं जातं. असेलही. पण पडदा शेवटचा कधी बदलला आणि फ्लोराइडची तपासणी कधी झाली, हे दोन प्रश्न विचारून बघा.

सगळं पाणी शुद्ध करावं लागतं का?

नाही, आणि हे कळलं की काम एकदम आवाक्यात येतं. फ्लोराइड कातडीतून आत जात नाही म्हटलं तरी चालेल. आंघोळ, कपडे, भांडी, गुरांचा गोठा धुणं यासाठी बोअरचंच पाणी वापरा. फक्त पोटात जाणारं पाणी वेगळं करायचं. पिण्याचं, भाताचं, डाळीचं, भाजीचं, चहाचं. स्वयंपाक विसरला जातो. लोक पिण्यासाठी जार आणतात आणि डाळ हातपंपाच्या पाण्यात शिजवतात, मग निम्मा फायदा गेला.

जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक माणसाला रोज ५५ लिटर पाणी द्यायचं ठरलं आहे. पण फ्लोराइडच्या वस्त्यांसाठी तात्पुरती सोय म्हणून पिण्यापुरतं आणि स्वयंपाकापुरतं, माणशी ८ ते १० लिटर शुद्ध पाणी धरलेलं आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटरऐवजी ४० ते ५० लिटर. म्हणजे दोन-तीन गुंड आणि वेगळा रांजण.

त्याहून स्वस्त उपाय म्हणजे गावातच चांगलं पाणी शोधणं. शंभर मीटरवरच्या दोन हातपंपांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. गावातले सगळे स्रोत एकदा तपासून घेतले तर त्यात १ मिलिग्रॅमच्या आतली एखादी जुनी विहीर निघू शकते, जिच्यात आता कचरा पडतोय. तिचा गाळ काढणं, कठडा बांधणं आणि नियमित टीसीएल टाकणं हे कोणत्याही यंत्रापेक्षा स्वस्त पडतं. उथळ विहिरीत जंतूंचा धोका बोअरपेक्षा जास्त असतो, त्यामुळे टीसीएल चुकवून चालणार नाही.

पाणी मिसळूनही भागतं का, असं काही जण विचारतात. भागतं, पण हिशेबाने. ३ मिलिग्रॅमचं आणि ०.५ मिलिग्रॅमचं पाणी निम्मं-निम्मं केलं तर १.७५ होतं, म्हणजे अजून मर्यादेबाहेर. एक गुंड बोअरचं आणि तीन गुंड विहिरीचं केलं तर १.१ च्या थोडं वर.

पावसाच्या पाण्यात फ्लोराइड नसल्यासारखाच असतो. वीस चौरस मीटरचं टिनाचं छप्पर आणि वर्षाला ९०० मिलिमीटर पाऊस धरला, पाचवा हिस्सा वाया गेला असं मानलं, तरी १४ हजार लिटर पाणी मिळतं. रोज ४५ लिटरच्या हिशेबाने ते दहा महिने पुरेल. अडचण साठवण्याची आहे, पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायची शिस्त ही त्यानंतरची. कोलाम पोडांसारख्या डोंगरकडेच्या छोट्या वस्त्यांवर, जिथे पाइपलाइन शेवटी पोहोचते, तिथे वस्तीसाठी एक मोठी टाकी बांधणं यंत्र बसवण्यापेक्षा जास्त टिकेल असं मला वाटतं. टाकीला वीज लागत नाही आणि मेकॅनिकही लागत नाही.

यंत्रं बंद का पडतात?

फ्लोराइडचं तंत्रज्ञान अवघड आहे म्हणून नाही. वर सांगितलेली प्रत्येक पद्धत तीस-पन्नास वर्षं जुनी आहे. संयंत्र बसवण्यासाठी निधी असतो, उद्घाटनाला पाहुणे असतात, पण तुरटी, दाणे, पडदा, विजेचं बिल आणि ऑपरेटरचा पगार दर महिन्याला लागतो. त्या खर्चाचं कलम कुणाच्या नावावर आहे, हे पहिल्या दिवशी ठरलं नाही तर संयंत्र वॉरंटीसोबतच संपतं. दुसरं कारण आधीच सांगितलं, बंद पडल्याचं कुणाला दिसत नाही. गढूळ पाणी आलं तर गाव ग्रामपंचायतीवर जाईल. फ्लोराइडवालं पाणी आलं तर कुणाला पत्ताच लागत नाही. मूल आज दोन वर्षांचं असेल तर परिणाम दिसेल तो सहा-सात वर्षांनी, कायमचे दात आल्यावर.

कायमचा उपाय म्हणजे नदी किंवा धरणाचं शुद्ध केलेलं पाणी नळाने देणं, यावर फारसे मतभेद नाहीत. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनची मूळ मुदत २०२४ होती, २०२५च्या अर्थसंकल्पात ती २०२८पर्यंत वाढवण्याची घोषणा झाली. तुमच्या गावात नळ आला असेल तर एक गोष्ट विचारा : या नळाच्या टाकीत पाणी कुठून येतं? टाकी जुन्याच बोअरवरून भरत असेल तर हातपंपाचं पाणी फक्त घरापर्यंत आलं आहे.

पाणी तपासायचं कुठे आणि कसं?

ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना तपासणी किटचं प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. या किटमध्ये पाण्यात थेंब टाकून रंग तक्त्याशी जुळवतात. गुलाबी रंग जितका पिवळ्याकडे झुकेल तितका फ्लोराइड जास्त. यातून ‘धोका आहे की नाही’ इतकं कळतं. तुरटीचं प्रमाण काढायला मात्र प्रयोगशाळेचा आकडा लागतो, फ्लोराइड आणि क्षारता दोन्हींचा. त्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेची चौकशी ग्रामपंचायतीतून किंवा पंचायत समितीच्या पाणीपुरवठा विभागातून करा.

नमुना काचेच्या नाही, प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत घ्या, कारण फ्लोराइड काचेशी क्रिया करतो. हातपंप आधी काही मिनिटं चालवून पाईपमधलं साचलेलं पाणी जाऊ द्या, बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळा, मग भरा. वर स्रोताचं नाव, तारीख आणि खोली माहीत असेल तर तीही लिहा. ‘शाळेजवळचा हातपंप’ असं स्पष्ट लिहा, नुसतं गावाचं नाव लिहिलं तर अहवालाचा उपयोग होत नाही.

एकदा तपासून थांबू नका. मे महिन्यात पाण्याची पातळी खाली गेलेली असते, दिवाळीच्या सुमारास वर आलेली असते, आणि दोन्ही वेळचे आकडे वेगळे येऊ शकतात. घरात फिल्टर किंवा आरओ असेल तर दोन बाटल्या न्या, एक मशीनच्या आधीच्या पाण्याची आणि एक नंतरच्या. आमच्या घरच्या मशीनची अशी तपासणी मी यंदा पहिल्यांदा करणार आहे. सात वर्षं आम्ही फक्त टीडीएस बघत होतो.